जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत

बुधवार, १९ मार्च
सकाळी साडेदहा

चि. भोंग्यास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. तुम्ही तिघं मजेत असाल असं धरून चालते, कारण फोनवर तू तेवढंच सांगतोस.

आता मुद्दा. रविवारी, ९ मार्चला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू बाहेरच्या खोलीतली गिटार उचललीस, तारांवरून एकदा हात फिरवलास आणि म्हणालास, "अगं आई, केवढी उतरलीये ही." मग फोन टेबलावर ठेवून, त्यात बघत बघत, सहाच्या सहा खुंट्या पिळल्यास. चार वाजून सोळा मिनिटांनी "घे, आता सुरात आहे" म्हणून ती परत कोपऱ्यात उभी केलीस. मी "बरं" म्हणाले आणि चहा टाकायला गेले. वेळा अचूक आहेत. तुझ्याकडे बघायचं टाळायला मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते.

"बरं" म्हणाले ही माझी चूक. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीत बसून मी लोकांना बजावलं की तक्रार लगेच करा, लेखी करा, तारीख-वेळ घाला. शाळेत सिस्टरांनीही हेच फूटपट्टीच्या धाकाने शिकवलं होतं. तरी दहा दिवस घालवले.

गिटार तुझी आहे, मान्य. घर सोडलंस तेव्हा ती इथे राहिली. पण ती उतरलेली नव्हती. ती तशी लावलेली होती.

तुझ्या बाबांचा डावा हात लकव्याने गेला, त्यानंतर तिसऱ्या महिन्यात त्यांनी ती मला माळ्यावरून काढायला लावली. मला वाटलं विकतात की काय. ज्या माणसाने तुला "हे तुणतुणं वाजवून पोट भरणार का" असं विचारून घराबाहेर काढलं, त्याने ती मांडीवर आडवी घेतली. डाव्या हाताने तार दाबणं शक्य नव्हतं, पण मुठीत बाटली धरता येत होती. खोकल्याच्या औषधाची, काचेची. ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने छेडायचं. गिटारच्या दांडीवरच्या पाचव्या, सातव्या आणि बाराव्या पट्टीपाशी त्यांनी जखमेवरची चिकटपट्टी कापून खुणा केल्या. "हा काय कचरा चिकटवलाय" असं तू विचारलंस, तो हा कचरा. आणि कित्येक दिवस खुंट्या फिरवत राहिले, काहीही न दाबता नुसता हात फिरवला तरी सहाही तारा एकमेकींशी जुळतील अशा होईपर्यंत.

मी काय करत होते? आतून दार लावून घेत होते. डोकं उठायचं माझं.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी धूळ पुसताना फडकं तारांना लागलं आणि खोली भरून गेली. अडुसष्टाव्या वर्षी, काही येत नसताना, माझ्या हातून काहीतरी धड वाजलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला मी ती मांडीवर घेते. तीच बाटली, त्याच तीन खुणा. त्यांची एक चाल होती, ती अर्धी जमली होती. तुला हसू येईल, पण आठवड्यात माझ्याशी नेमाने बोलणाऱ्या दोघीच, एक दूधवाली आणि दुसरी लिफ्ट. लिफ्ट मजला सांगते आणि दार बंद करा म्हणते. तेव्हा सहा ते साडेसहा हा वेळ मला लागतो.

९ तारखेला तू गेल्यावर मी बाटली पहिल्या खुणेवर ठेवली. मोरीत भांडी कोसळावीत तसं वाजलं.

दुसऱ्या दिवशी गिटार चादरीत गुंडाळून वाद्यांच्या दुकानात नेली. तिथे एक शिकवणाऱ्या बाई बसतात, तुझ्याच वयाच्या. त्यांनी वाजवून बघितली.

"काकू, बरोबर लागलीये की."

"बरोबर नकोय. होती तशी हवीये."

त्या हसल्या नाहीत, म्हणून मी बसले. त्यांनी समजावलं की जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई ही नेहमीची रीत, पण तीच एक नव्हे. एखादी तार सैल करायची, एखादी ताणायची, की सगळी बोटं नव्याने शिकायची. त्यांनी डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशी लावून दिली. मी बाटली फिरवली. जवळ आलं, पण ते नव्हे. मग डी, जी, डी, जी, बी, डी. म्हटलं, हे शेजारचं घर वाटतंय.

"कुणी लावली होती?"

"आमच्या मिस्टरांनी."

"मग त्यांनाच विचारा ना."

"ते उत्तर देत नाहीत हल्ली."

"भांडण झालंय?"

"थोडंसं."

मग त्या म्हणाल्या की काही जण स्वतःच्या कानाने लावतात, ती कुठल्या पुस्तकात सापडत नाही. त्यांनी वाजवलेलं कुठे रेकॉर्ड केलेलं आहे का?

आहे. तुझ्या फोनमध्ये आहे. गेल्या वर्षी १६ ऑक्टोबरला त्यांनी तुला पाठवलं. ते गेले त्या दिवशी तू मला जिन्यात म्हणालास, "अजून ऐकलं नाही, आई. नंतर ऐकेन." मी परत कधी विचारलं नाही. त्यांच्या फोनमध्येही ते होतं, पण तो फोन मी आतलं सगळं पुसून देऊन टाकला. तुझ्या सहा मिनिटांवर मी एवढं लिहिते आहे, माझं काम तर एका बटणात झालं होतं.

त्यात काय आहे ते मला माहीत आहे, कारण फोन मी धरला होता. सुरुवातीला चाल नाही. ते एकेक तार छेडतात, जाड तारेपासून बारीकपर्यंत, मध्ये थांबून थांबून. तेव्हा मला वाटलं, चाचपडताहेत. त्या बाईंसमोर बसल्यावर कळलं की ते तुला सांगत होते. तूही तिकडे तुझी तशी लावावीस म्हणून.

मग वाजवतात. आणि शेवटी एक बाई खेकसते, "पुरे हो आता, दूध उतू जातंय." ती मी. गॅसवर काही नव्हतं. त्यांचा तो हात मला बघवत नव्हता. वाजवून झाल्यावर त्यांनी तुझ्याशी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, आणि मी बटण दाबलं.

काय बोलणार होते ते त्यांनी नंतर सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तर तू ते ऐक, आणि सहा अक्षरं ओळीने लिहून पाठव. तुझा कान चांगला आहे, ते मला कधीच नाकारता आलं नाही. त्याखाली तुला माझ्याशी जे काही बोलायचं असेल तेही लिही. फोन करू नकोस. फोनवर तू "बघतो" म्हणतोस आणि मी "बरं" म्हणते. शनिवारी, २९ मार्चला, अकरा वाजता मी गिटार घेऊन दुकानात जाणार आहे. त्या दिवशी सकाळी दहाच्या आत तुझं लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.

तोवर गिटारला हात न लावणारी,
तुझी आई