पटावरची अकरावी ओळ

गुरुजी,

तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडणं शोभत नाही. पण मी चिडलेली आहे. तुमच्या मागे कुणी वाईट बोलत नाही. जव्हारच्या आश्रमशाळेतून शिकून नोकरीला लागलेले आम्ही कधी एकत्र जमलो की तुमच्या शिस्तीचं, तुमच्या मोत्यासारख्या अक्षराचं कौतुक सुरू होतं आणि मी चहाच्या कपात बघत बसते.

मी काय काम करते ते तुम्हांला सांगायला हवं. गावोगावच्या आशाताईंसाठी डॉक्टरांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलंय. छपाईसाठी जुळणी केलेल्या त्याच्या फाइली माझ्याकडे येतात आणि मी त्यांची इंटरनेटवरची पानं करते. ताप, खरूज, जुलाब, प्रत्येक भागाला स्वतःचा पत्ता असतो, म्हणजे लिंक. आशाताईने ती मोबाइलमध्ये जपून ठेवली की दाबल्याबरोबर तोच भाग उघडावा, सगळं पुस्तक चाळायची पाळी येऊ नये. मूळ फाइलीत भागांचे आकडे कुणी हाताने घालत नाही, प्रोग्राम ते क्रमाने घालत जातो. मी पत्तेही त्या आकड्यांवरूनच बनू दिले. जुलाब हा सातव्या प्रकरणातला चौथा भाग, म्हणून त्याचा पत्ता सात-चार. सगळं कसं सलग आणि नीटनेटकं दिसत होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी त्या प्रकरणात सुरुवातीलाच एक नवा भाग घातला. खालचे सगळे एकेक घर सरकले. मी नवी पानं चढवली आणि हात झटकून मोकळी झाले. चार दिवसांनी आपल्या जव्हारकडच्या वांगणीहून एका आशाताईचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून ती टेकाडावर चढली होती, तिला धाप लागली होती. "ताई, जुलाबाचं दाबलां तं खरजेचं निंगलां. पोरीनं मान टाकलीय. तिच्या आयशीला काय सांगू मी?" मी माझ्याकडचं पान उघडून तिला वाचून दाखवलं. मान टाकली असेल तर घरी थांबायचं नाही, वाटेत पाणी पाजत दवाखाना गाठायचा. पोर वाचली. त्यात माझी काही कर्तबगारी नाही, त्यांना मोखाड्याची जीप वेळेवर मिळाली एवढंच. फोन ठेवल्यावर, गुरुजी, मला आधी आठवलात ते तुम्ही.

दिवाळी झाली की आमचा वर्ग निम्मा व्हायचा. आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जगायला निघायचे आणि पोरांनाही घेऊन जायचे. त्या वर्षी माझी धाकटी बहीणही गेली, मांडीवरचं भावंड सांभाळायला. मी हुशार म्हणून वसतिगृहात राहिले. ती माझ्याच वर्गात होती, पटावर अकरावी, माझ्या लगेच वर. तुम्हांला पटावर खाडे खपायचे नाहीत. तुम्ही नवा पट करायला घेता. गेलेल्यांची नावं गाळायची, उरलेल्यांना एकपासून सलग आकडे द्यायचे. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायला मला बसवता. मी रेघा मारून पान पुरं करते आणि अकरावर दुसरीच मुलगी येते.

शिमग्याला बहीण परत आली आणि थेट वर्गात येऊन आपल्या जागेवर बसली. तुम्ही हजेरी घेताय. "अकरा." दोन मुली एकदम "हजर" म्हणतात. वर्ग हसतो. तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणता, "तुझं नाव नाही पटावर." ती उभीच राहते. "गुरुजी, मी हाय नं." तुम्ही पुढचा आकडा घेता. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आजही दिवाळी झाली की ती जगायला जाते. मोखाड्याच्या बाजारात भेटली की दवाखान्याचा कागद माझ्यापुढे धरून विचारते, "यात काय लिवलंय गो?" आणि मला, त्या सुंदर पटाबद्दल, तुम्ही वर्गासमोर शाईचं पेन दिलंत. टाळ्यासुद्धा वाजवायला लावल्यात.

आता मी प्रत्येक भागाला मूळ फाइलीतच एक कायमची खूण लिहिली आहे, जुलाबाला जुलाबाची, खरजेला खरजेची. वर कितीही भाग घाला, शीर्षक बदला, पत्ता त्या खुणेवरूनच बनतो. आजवर दिलेला एकूण एक पत्ता मी वहीत उतरवून घेतलाय, आणि नवी पानं चढवण्याआधी त्यातला प्रत्येक उघडून बघते. एखादा भाग काढून टाकला तरी त्याचा पत्ता राहतो, तिथे 'हे आता इकडे आहे' एवढं लिहिलेलं असतं. सात-चारचा मात्र घोळ होऊन बसला. जुन्या आशाताईंच्या मोबाइलमध्ये तो जुलाबाचा, मधल्या चार दिवसांत ज्यांनी जपला त्यांच्याकडे खरजेचा. कुणाला खोटं पाडायचं? त्या पत्त्यावर मी दोघांचीही नावं ठेवली, हवं ते दाबा. एक डॉक्टर म्हणाले, "इतकं जुनं सांभाळून काय करायचंय?" मी त्यांना फाडकन बोलले. नंतर माझं मलाच वाईट वाटलं, कारण त्यातलं अर्धं बोलणं तुमच्यासाठी होतं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच एवढं लिहिता आलं. बहिणीलाही मी हे वाचून दाखवणार नाही. तिला वाटतं तिचं नाव तुम्ही काढलंत, आणि इतकी वर्षं मीही तसंच म्हणत आले. पण तो पट लिहिताना मी जुन्या पटातल्या अकरावर आले तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभे होतात. तुम्ही विचारलंत, "बहिणीची ओळ ठेवायची का गं? शिमग्याला येईल ना ती?"

मी वर न बघताच म्हणाले, "नको गुरुजी, पान वाईट दिसंल."