गुंडप्पासाठी मुरुडचं गवत

तीर्थस्वरूप आक्कांस,

विष्णुपुरीहून राजशेखरचा साष्टांग नमस्कार. भुजंगरावांना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्याला वेगळा, कारण तुमच्या घरात हल्ली त्याच्याच मर्जीनं सगळं चालतं असं कळलं. माझी प्रकृती ठीक. (भाकरी अजून एका बाजूनं करपते, ती बाजू खाली करून वाढून घेतो.)

पत्रास कारण गुंडप्पा. आमच्या सत्यमनं पुण्याहून आणलेला तो चिंचिला, सशाहून लहान, उंदराहून घरंदाज. पोरगं नोकरीला जर्मनीला गेलं आणि हे आमच्या गळ्यात घालून गेलं. तुमच्या बहिणीनं गोल दिसतो म्हणून गुंडप्पा नाव ठेवलं आणि पोटच्या पोरासारखा सांभाळला. उज्वला दिवाळीत गेली, तेव्हा तुम्ही पाठवलेल्या गवताची अर्धी पेंडी शिल्लक होती. ती शिवरात्रीला संपली. तुम्हाला मागायचा धीर झाला नाही. जिच्या नात्यानं मागायचं, तीच राहिली नाही.

मग मी माझी अक्कल चालवली. आधी शेजारच्या म्हशीचा कडबा बारीक करून दिला. गुंडप्पानं हुंगला आणि रुसलेल्या जावयासारखी पाठ फिरवली. मग हिरवागार लसूणघास दिला, तो अधाशासारखा खाऊन त्याचं पोट फुगलं. शेजारच्या आबेदाभाभींना राहवेना. "भाईसाब, सूखी घास पे कित्ते दिन जीता बिचारा?" म्हणत त्यांनी खजूर भरवला. मीही मनुके दिले, शेंगदाणे दिले. (आपल्याकडं घरात आलेल्याला नुसतं गवत कोण वाढतं?) दोन दिवस तो कोपऱ्यात पडून होता. आक्का, मी पिंजऱ्यापुढं बसून रडलो. तिनं जीव लावलेलं एवढं एकच माझ्याकडं उरलं होतं, आणि तेच मी लाडानं मारायला निघालो होतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी (सगळी नोकरी बैलांत गेलेला माणूस) मोबाईलमध्ये बघून सांगितलं, "काका, लाड बंद करा. ह्याला सुकं गवतच पायजे. लई तर चिमूटभर त्याचं गोळीखाद्य. गोड न्हाई, तेलकट न्हाई." म्हणजे माझंच शुगरचं पथ्य. आता आम्ही दोघं समोरासमोर बसून बेचव जेवतो.

तर विनंती ही, की तुमच्या मुरुडच्या बांधावरचं मारवेल गवत, सावलीत वाळवलेलं, एक पेंडी लातूरच्या एसटीनं पाठवावी. यंदा दुःखाचं वर्ष, येळवशीच्या सणाची शेतातली आंबील-भज्जी आली नाही, ते समजतं. पण गवताला कसलं सुतक?

आपला,
राजशेखर

ता. क. पेंडी नेहमीसारखी जुन्या लुगड्याच्या काठानंच बांधा. सुतळीनं गवत चेपतं.

ता. क. दुसरं. आक्का, गवत मिळालंय. नांदेडला दुकानात पाकिटातलं मिळतं. गुंडप्पा आठवडाभर तेच खातोय, तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. पण तुमची पेंडी आली की उज्वला आधी तिच्यात तोंड खुपसायची, "मुरुडचं हाय" म्हणायची, आणि मग त्याला घालायची. पाकिटाला कसलाच वास नाही. ती गेली म्हणून या घराचं माहेरही संपलं का, एवढंच विचारायचं होतं. संपलं नसेल तर पेंडी पाठवा.