उसाला गेलेल्यांची जागा

सर, तुम्हाला लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. हैदराबादला सर्व्हरच्या खोलीत कुडकुडत बसलेलो असताना एकदा सुरुवात केली, तेवढ्यात चहा आला, मग पुढच्या महिन्यात नोकरीच सुटली. पुण्यात एक पान भरलं, त्यावर वडापाव ठेवून खाल्ला. आज मात्र उमरखेडला, तुमच्याच क्लासमध्ये, तुमच्याच खुर्चीत बसून लिहितोय, कारण आज राग ताजा आहे.

तुम्ही शिकवलेलं अजून तोंडपाठ आहे, त्याचाच जास्त राग येतो. जुन्या मशिनींवर तुम्ही लिनक्स टाकलं होतं. मोकळी मेमरी जवळजवळ शून्य दिसली म्हणून मी घाबरलो, तर तुम्ही म्हणालात, "मोकळी ठेवून तिचं काय लोणचं घालतं का बे?" मग हातातला समोसा तसाच धरून दुपारभर समजावलंत. (तो समोसेवाला आता मोबाईल विकतो, असो.) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीतली जागा रिकामी पडू देत नाही, वाचलेल्या फायलींच्या प्रती तिथे ठेवतो, पुन्हा लागतील म्हणून. टंचाई आली की बरेच दिवस कुणी हात न लावलेली पानं बाहेर काढतो. पण काढण्याआधी बघतो, पानावर काही नवं लिहिलंय का. नसेल तर सोडून देतो. असेल तर आधी डिस्कवर उतरवतो, आणि कुणी परत मागितलं की आणून देतो. थोडा उशीर होतो, एवढंच.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी याडी, म्हणजे आई, आणि बासोबत ऊस तोडायला गेलो. सांगून गेलतो. मागे मशिनीत माझा खेळ होता, लदेणीचा, आमच्या लोकांच्या बैलांवरच्या जुन्या व्यापाराचा. मीठ लादलेल्या बैलांची रांग पडद्यावरून चालायची. कोणता बैल पुढे, घुंगरं कुणाच्या गळ्यात, हे बाने त्याच्या आज्याकडून ऐकलेलं, मी त्याच्याकडून. होळीला परतलो तर माझ्या जागेवर एका साहेबाचा पोरगा बसलेला.

"सर, माझं फोल्डर?"

"पुसलं. जागा पाहिजे होती. तू कुठं येत होता?"

"उसाला गेलतो ना जी. तुम्हाले माहीत होतं."

"परत येशील याचा काय भरोसा? तुमचं तांड्यावरच्यांचं आज इथं, उद्या तिथं."

तो पोरगा हसला. तुम्हीही हसलात. सर, परत येणं हाच तर आमचा धंदा होता. आमचे लोक परतले नसते तर तुमच्या गावांच्या डाळीत मीठ कुणी घातलं असतं? कर्नल पान डिस्कवर ठेवून मग काढतो, तुम्ही थेट डिस्कवरचंच पुसलंत. यंत्राला जेवढी रीत कळते तेवढीही तुम्हाला पाळावीशी वाटली नाही. मी तसाच तांड्यावर परतलो, आणि त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. भांडण माझ्याकडेच राहिलं. पुढे बासुद्धा गेला. आता पुन्हा लिहायचं म्हटलं तर बैलांचा क्रम कुणाला विचारू?

तुमच्यामागे क्लास चालवणाऱ्या काकूंनी मला शिकवायला बोलावलं, म्हणून इथे आहे. यंदाही पोरं उसाला गेलीत. त्यातली एक पोरगी भावाचे पाढे घेणारा प्रोग्रॅम लिहीत होती, उत्तर चुकलं की मशीन त्याला "गधड्या" म्हणतं. काकू काल म्हणाल्या, "अरे, नवीन पोरं दारात उभी हायेत, कायले अडवून ठेवलं? तिचं पुसून टाक. ती काही येत नाही आता, लग्न जमवून राह्यले तिचं." जुन्या डिस्का खचाखच भरल्यात. पेनड्राइव्ह आणायला दुकान समोरच आहे.

हे पत्र कुठे पाठवणार, म्हणून खरं ते लिहून टाकतो. दुकानात मी गेलो नाही. सकाळी तिचं फोल्डर निवडलं आणि पुसायचं बटण दाबलं. मशीनने विचारलं, नक्की का? तेव्हा मी कागद ओढला.

आता दारात पावलं वाजली, मला वाटलं काकूच. तर तीच पोरगी आहे, एसटीने एकटीच आलेली, उसाच्या पाचटाने हात ओरखडलेले. "सर, मी पळून आली. माही मशीन खाली हाय का?" म्हणते आणि उत्तराची वाट न बघता माझ्या मागे येऊन उभी राह्यली. पडद्यावरचा प्रश्न ती वाचून राह्यली आहे.