डाव्या हाताचं टायपिंग

३ नोव्हेंबर, सोमवार

फिजिओच्या मॅडम आल्या नाहीत. मीच ह्यांचा उजवा हात वर-खाली केला, वीस वेळा करायचा असतो. सोळाव्याला ह्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे पुरे. ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून आमच्या घरात ही अशीच भाषा. तोंडातून निघतं ते एकच, "आआ-व". पाणीही आआ-व, संडासही आआ-व. मान तर विचाराल त्याला हलते. चहा हवा? हो. चहा नको ना? हो.

रात्री मनूचा फोन. लेक आमची एकुलती, पुण्यात असते. पुन्हा तेच, "आई, डिसेंबरात येते आणि दोघांना घेऊनच जाते. घर भाड्यानं देऊ." मी म्हटलं, बाबांना विचारते. ती म्हणाली, "विचारून कळणार काय आहे, आई?"

राग आला. खरं बोलली म्हणून जास्तच आला.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांकडे. सरळ विचारलं, ह्यांना सगळं कळतं का. म्हणाले, "कळत असावं. पण नुसती जीभ अडते की शब्दच गेलेत, ते लिहायला लावून बघा." उजव्या हातात पेन टिकत नाही, डाव्यानं नुसत्या रेघोट्या.

परत येताना रिक्षात सुचलं. जन्मभर कोर्टात टायपिंग केलेला माणूस! आधी कन्नड तालुक्याच्या कोर्टात, मग इथं. ह्यांना पेन कशाला लागतंय?

कॉम्प्युटरवरची चादर काढली. मनू कॉलेजात होती तेव्हाचा. बटण दाबलं, चहा केला, चहा पिऊन झाला, तरी ते गोल गोल फिरणं चालूच. मग पडदा निळा झाला अन् तसाच राहिला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टीव्ही सेंटर चौकात मुश्ताकभाईंच्या दुकानात कॉम्प्युटरचा डबा घेऊन गेले. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर. हात तेच, पोट वाढलंय. मला बाजी म्हणतात, म्हणजे ताई. उघडून आधी ब्रशनं धूळ काढली. "बाजी, मशीन तंदुरुस्त हाय. यात नवीन विंडोज बसत नाय अन् जुन्याचं अपडेट बंद झालं. फेकू नका बरं. लिनक्स टाकून देतो, जुन्या मशीनवर लई मस्त पळतंय. मेरे घर में वहीच है, बच्चों की अम्मी चलाती."

मला जमेल का, विचारलं. म्हणाले, "चौथी के बच्चों को भागाकार सिखाया ना आपने? मग हे काय त्यापेक्षा अवघड हाय का?"

जुने फोटो आधी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, असं तीनदा बजावलं. करमाडच्या शाळेतला माझा निरोप समारंभ त्यात आहे. तिसऱ्यांदा सांगितल्यावर हात जोडले त्यांनी.

८ नोव्हेंबर, शनिवार

मशीन घरी. बटण दाबलं, उतू जाणारं दूध उतरवून आले, तोवर तयार! माझा विश्वास बसेना, बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तसंच.

खाली डावीकडे एक बटण, त्यात सगळं सामान नीट खणाखणात लावलेलं. मराठी निवडली तर अर्धं मराठी झालं अन् अर्धं इंग्रजीच राहिलं. आपल्या शहरातल्या बोलण्यात तरी दुसरं काय आहे? अक्षरं मोठी करून घेतली. प्रिंटरची वायर लावली आणि मी आपली सीडी शोधत बसले, तर कोपऱ्यात पाटी आली, प्रिंटर तयार आहे म्हणून. कुणी सांगितलं ह्याला?

मु.भाईंनी मराठी टायपिंगही घालून दिलंय. कोपऱ्यात एम-आर दिसलं की मराठी. मी सावकाश अक्षरं हुडकत स्वतःचं नाव लिहिलं. उद्या ह्यांना बसवणार.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बसवलं. ह्यांनी डावा हात कळांवर ठेवला, बोटं जरा चाचपली आणि समोर भिंतीकडे बघायला लागले. पूर्वी असेच बसायचे, कळांकडे कधी बघायचेच नाहीत. एकच हात, अख्ख्या कीबोर्डवर हळूहळू फिरत. दहा मिनिटं तरी. मग माझ्याकडे बघितलं, बघ म्हणून.

पडद्यावर काही नव्हतं. म्हणजे होतं, अक्षरं होती, पण एक शब्द नाही. सुटे काने, मात्रा हवेत लोंबकळणाऱ्या, मध्येच स्वल्पविराम.

छान, म्हटलं मी. असं खोटं बोलले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल पुन्हा, आज पुन्हा. तोच कचरा. आज ह्यांनी पडद्याकडे बघितलं, "आआ-व" केलं आणि कीबोर्डवर थाडथाड हात आपटला. मी ओरडले. "तोडून टाका! तेवढंच राहिलंय!" लिहून ठेवते, म्हणजे असं बोलले होते हे विसरणार नाही.

मनूला सांगितलं की शब्दच गेलेत. ती रडली. ये डिसेंबरात, म्हटलं. चौदाला, रविवारी येतेय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे खुर्चीत बसायला तयार नाहीत. भिंतीकडे तोंड.

मीच बसते मग. पत्त्यांचा खेळ आहे त्यात, दोनदा जिंकले. कोपऱ्यात एक ढाल दिसते, तिच्यावर ठिपका आला. घाबरून मु.भाईंना फोन. "अपडेट हाय बाजी. दाबा, पासवर्ड द्या, अन् आपलं काम करत बसा. हे मध्येच बंद करून नाय टाकत." खरंच पोळ्या होईस्तोवर सगळं आटोपलं होतं. एवढा समजूतदारपणा माणसांत असता तर.

नळाला आज पाणी. भरून ठेवलं सगळं. डास लई झालेत, ह्यांच्या डोक्यावरचा पंखा रोज चालूच असतो, आज पाचवर. हे हात हलवत होते. आणखी वारा हवा असेल, पण पाचच्या पुढं आकडा नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मनूला दाखवायला म्हणून ह्यांनी टाइप केलेलं छापलं. तिन्ही दिवसांच्या ओळी एकाखाली एक आल्या.

चष्मा लावला आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. तिन्ही ओळी सारख्या. अगदी अक्षराला अक्षर, स्वल्पविरामसुद्धा तिथंच.

एवढ्या वर्षांत वह्यांचे ढीग तपासलेत मी. पोराला येत नसलं की तो रोज वेगळं चुकतो. रोज एकच चूक, एकाच जागी, म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी पक्कं बसलेलं असतं. त्याचं त्याला बरोबरच वाटत असतं. अशा पोराला मी कधी मारलं नाही, बसून विचारलं. आणि इथं ओरडले.

काय आहे ते मात्र कळत नाही. उद्या रविवार, सगळं बंद.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शेजारच्या वहिनींना ह्यांच्यापाशी बसवून औरंगपुऱ्यात टायपिंगच्या क्लासला गेले. क्लासच्या बाई माझ्याच वयाच्या. कागद पुढं ठेवला, सगळं सांगितलं. त्यांनी ओळ बघितली. मग टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि कागदाकडे बघत हवेत टाइप करायला लागल्या. एकेका अक्षराला थांबत. मी बघतेय. ओळ संपली तशा हसल्या.

"बाई, साहेब जुने टाइपरायटरवाले आहेत ना? त्यांची बोटं बरोबर जागी पडलीत. तुमच्या कॉम्प्युटरवर मराठीची मांडणी दुसरी आहे, त्या जागी अक्षरंच दुसरी बसलेली. त्यांनी सगळं शुद्ध लिहिलंय."

काय लिहिलंय?

"थंडी वाजते. पंखा बंद कर."

त्यांच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. तीन दिवस तेच लिहीत होते, आणि मी पंखा वाढवून पाचवर नेला. कीबोर्डवर हात आपटला तो राग नव्हता नुसता, हा कीबोर्ड बघ म्हणत होते.

घरी आल्या आल्या पंखा बंद केला. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला हसूच फुटलं. शब्द आहेत! सगळे आहेत! मनूला फोनवर नीट सांगताच येईना, नुसती आहेत-आहेत करत राहिले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मु.भाई मालेगावला, भाचीच्या लग्नाला. शनिवारपर्यंत नाहीत. मी थांबणार? नाव नको.

इंटरनेटवर शोधलं. कुण्या भल्या माणसानं टाइपरायटरची मराठी मांडणी लिनक्सवर कशी आणायची ते पायरी-पायरीनं लिहून ठेवलंय. कुणी विचारलं नाही, काही मिळणार नाही, तरी लिहिलंय. एक काळी खिडकी उघडून त्यात इंग्रजी ओळ टाकायची. टाकली. पासवर्ड मागितला. दाबतेय तर काहीच उमटेना! कीबोर्ड गेला म्हणून धस्स झालं. तासाभरानं त्याच पानावर खाली वाचलं की पासवर्ड दिसत नसतोच, न बघता लिहायचा अन् एंटर मारायचा.

एक अक्षर चुकलं, पुन्हा. जागा सुटली, पुन्हा. तिसऱ्यांदा ओळींवर ओळी धावायला लागल्या, मी हात मागं घेतले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कालचं होऊनही यादीत काही दिसत नव्हतं. रडकुंडीला आले. पान पुन्हा वाचलं, एकदा बाहेर पडून परत आत या, असं लिहिलेलं. बाहेर पडले, आत आले, आणि यादीत मराठी, त्याखाली टाइपरायटर.

ह्यांना बसवलं. शर्ट कालचाच. ह्यांनी एक कळ दाबली, पडद्याकडे बघितलं. दुसरी. मग भिंतीकडे बघून सुटलेच.

"पहिल्या दिवशीच कळायला पाहिजे होते. मुख्याध्यापिका ना आपण?"

अहो, म्हटलं, बोलायला लागलात आणि पहिलं हे? दोघंही हसलो. ह्यांचं हसू एका बाजूचंच आहे अजून. मला चालतंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चहा पाणचट असतो. फिजिओच्या मॅडम चांगल्या आहेत पण नखे टोचतात. शेजारच्या वहिनी फार बोलतात. तीन महिन्यांचं सगळं तुंबलेलं बाहेर येतंय. कान किटले म्हणणार होते, पण डोळे किटले म्हणावं लागेल.

मु.भाई बघायला आले. "बाजी, हे तुम्ही स्वतः टाकलं? माझ्याकडं गिऱ्हाईक आलं की तुमच्याकडं पाठवतो आता." ह्यांनी त्यांच्यासाठी टाइप केलं, "शुक्रिया. रेडिओ कधी देणार?" दुरुस्तीला दिलेला रेडिओ, मनू दुसरीत होती तेव्हाचा. मु.भाईंनी कानाला हात लावले.

६ डिसेंबर, शनिवार

ह्यांना व्हीलचेअरवर विहारात नेलं. बुद्धवंदना चालली होती, ह्यांचे ओठ हलत होते. आवाज तोच, आआ-व. कुणी वळून बघितलं नाही, सगळ्यांच्या आवाजात मिसळून गेला.

आल्यावर विचारलंच. पुण्याला जायचं का? मनू पुढच्या रविवारी येईल, तिला काय सांगू? ह्यांनी टाइप केलं, "वेळ द्या."

९ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा विचारलं. "वेळ द्या." अहो, पाच दिवस राहिलेत. तुम्हाला इथं राहायचंय तर तसं सांगा, मी मनूशी भांडते. जायचंय तर सामान बांधायला घेते. तुम्ही म्हणाल तसं. नुसते बघत बसले माझ्याकडे.

काल-आज मी जवळ गेले की पडद्यावरची खिडकी खाली दाबून टाकतात. कसं शिकले कोण जाणे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी भांडी घासताना प्रिंटरचा आवाज. ह्यांनी एकट्यानं कागद काढला होता. माझ्या हातात दिला. इथं उतरवून ठेवते.

"प्रति, मा. मुख्याध्यापिका (सेवानिवृत्त), हडको.

विषय : पुण्यास जाणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयी आपण माझे म्हणणे वारंवार मागितले. माझे म्हणणे असे की, अर्जदार कोठेही राहण्यास तयार आहे. तथापि ऑगस्टपासून आजपावेतो सदर प्रकरणी आपणांस काय हवे, हे कोणीही विचारलेले नाही. अर्जदारानेही नाही. तरी आपण आपले म्हणणे रविवारपूर्वी लेखी दाखल करावे. तोंडी चालणार नाही. आपण तोंडी खरे सांगत नाही, असा अर्जदाराचा अनुभव आहे.

कळावे."

आधी हसले. पोट धरून हसले, आपल्याच घरात पत्ता घालून, हडको म्हणे! मग स्वयंपाकघरात गेले अन् राहिलेली भांडी घासून काढली.

ह्यांना काय हवं, मनूला काय हवं, डॉक्टर काय म्हणतात, सगळं तोंडपाठ आहे मला. मला काय हवं? खरंच माहीत नाही. शेवटचं कुणी कधी विचारलं होतं, तेही आठवत नाही.

संध्याकाळी बसले. मांडणी बदलून माझी लावली. "महोदय," लिहिलं. मग कितीतरी वेळ नुसती ती उभी रेघ लुकलुकत राहिली. हे मागं खुर्चीत, घाई केली नाही.

शेवटी एक ओळ लिहिली. मी फार दमले आहे.

पुढं काही सुचलं नाही. पण ती ओळ पुसलीही नाही.