पानाच्या तळाशी

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे केटाला! ट्रोट्रोच्या गाडीत माझ्या मांडीवर यायरा, यायराच्या मांडीवर बोचकं आणि बोचक्यावर शेजारणीची कोंबडी, असा प्रवास झाला. कंबर मोडली, पण मजा आली. सोगाकोपेच्या पुलावर मक्याचं वाफवलेलं आबोलो आणि तळलेले मासे घेतले, ते यायराने बोटं चाटूनपुसून संपवले. सहा वर्षांची पोर, पण वाटभर एकदाही कुरकुरली नाही. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाजण बघून विचारते कशी, की आई, आपण रस्त्यावर आहोत की होडीत?

घरमालकीण आकुयो. सगळी गल्ली तिला दावी म्हणते, म्हणजे ताई, म्हणून मीही दावीच म्हणते. किल्ली देता देता तिने माझी कुंडली काढून घेतली. नवरा कुठे, तर टेमाला, दुसरीच्या घरी. मग बरंच की, म्हणाली, एका माणसाचा स्वयंपाक वाचला. खोलीला दोन खिडक्या आहेत आणि वारा भरपूर. अशायमानच्या जुन्या खोलीतल्या धुरानंतर हा वारा म्हणजे चैनच आहे.

५ फेब्रुवारी

कामावर रुजू झाले. कचेरी म्हणजे मासळीचं जुनं गोदाम, भिंतींना अजून वास येतो. एकच पंखा, आणि त्याच्याखालची खुर्ची एफो आग्बेन्योंची. एफो म्हणजे दादा. साहेब म्हटलेलं त्यांना चालत नाही, वागतात मात्र साहेबासारखे.

काम असं. जुन्या पुस्तकांच्या पानांचे फोटो घेऊन मशीनने त्यांतली अक्षरं उचललेली असतात. मशीनला अक्कल नाही. छापील ओळ संपली की ते वाक्य तोडतं, अर्धा शब्द वर आणि अर्धा खाली. ते सगळं सांधायचं आणि ओळींचे परिच्छेद करायचे. एफोंनी नियम घोकून घेतले. ओळ तुटली की जोड. परिच्छेदाच्या पोटात रिकामी जागा दिसली तर ती छापखान्याची झीज, मिटवून टाक. पानाच्या तळाशी वाक्य पुरं झालेलं असेल तर परिच्छेद संपला असं धर आणि एक ओळ मोकळी सोड. पान संपतं तिथे खरं काय होतं, ते मूळ पुस्तक हातात घेऊनही कळत नाही, तेव्हा डोकं चालवू नकोस, हात चालव, असं म्हणाले. मला पटलं. डोकं चालवायची ताकद इथे आहे कुणाला?

१० फेब्रुवारी

खांदे भरून आलेत. डोळे मिटले तरी तुटक्या ओळी दिसतात आणि बोटं आपोआप हलतात. यायराची वेणी घालताना मध्येच थांबून बटा जुळवत बसले, तर ती हसली.

आज नवं पुस्तक दिलं. फार पूर्वी कुणा पाद्र्याने या किनाऱ्यावरच्या घराघरांतून गोळा करून छापलेल्या प्रार्थना, आपल्याच भाषेतल्या. पूर्वजांना पाणी घालताना म्हणायच्या त्या. पण छपाई काय ती! एका नावाची हाक झाली की मोकळी जागा, दुसऱ्या नावाची झाली की पुन्हा मोकळी जागा, कुठे बोटभर तर कुठे दोन बोटं. उंदरांनी कुरतडल्यासारखी पानं. मी सगळ्या जागा मिटवल्या. संध्याकाळपर्यंत मजकूर कसा गुळगुळीत झाला. एफोंनी स्वतः सोबोलोचं थंडगार सरबत आणून दिलं आणि असं काम पाहिलं की डोळे निवतात म्हणाले. दमले होते, तरी बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

मला एक खोड आहे. साफ केलेला मजकूर मी कागदावर छापून घरी आणते आणि मोठ्याने वाचते. डोळा फसतो, पण चुकीचा जोड कानाला लगेच खुपतो. आज ओसरीवर बसून एक प्रार्थना वाचली, सलग, एका दमात. यायरा शेंगा सोलत ऐकत होती. दावीने भेंडी खाली ठेवली आणि विचारलं, अगं एन्योनाम, घराला आग लागलीय का? असं कुणी म्हणत नाही, म्हणाली. तिचे काका पाणी घालायचे ते एक नाव घ्यायचे, घालायचे आणि थांबायचे. त्या माणसाचं पिऊन व्हायला हवं, त्याला काही बोलायचं असेल ते बोलून व्हायला हवं, मग पुढचं नाव.

मी म्हटलं, पुस्तकात थांबत नाहीत. तर म्हणते, म्हणजे पुस्तकात जेवायला बोलवायचं आणि ताट वाढायच्या आधी उठवायचं, असं होय! दोघी पोटभर हसलो. मग ती छातीवर क्रूसाची खूण करून भेंडीकडे वळली. यायराने पुन्हा वाच म्हणून हट्ट धरला. दोनतीनदा वाचली, तर कार्टीला पाठच झाली.

१६ फेब्रुवारी

शाळेतून तक्रार आली. यायरा वर्गात गप्प बसत नाही, प्रार्थनेतही नाही. बाई वैतागून म्हणाल्या, तोंडाचा नुसता पट्टा चालू आहे, तुम्ही घरी काही ऐकून घेता की नाही हिचं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यातच तिला एक चापट दिली. तिने रडता रडतासुद्धा बोलणं थांबवलं नाही.

घरी आल्यावर नीट कान दिला. ही बडबड नव्हे. कुणी काही विचारलेलं नसताना ती उत्तरं देतेय. हो, आलो. पाणी थंड आहे. गुडघे दुखतात. आणि माझी होडी कुणी विकली? आवाज माझ्या पोरीचा, पण बोलणं म्हाताऱ्या माणसाचं. भूक लागल्यासारखं एकाचं दुसऱ्यात घुसतं, मध्ये श्वासाला जागा नाही.

१८ फेब्रुवारी

ताप आहे. दवाखान्यातल्या नर्सने गोड औषध दिलं, मुलं असं करतात म्हणाली. दुपारी झोपली तरी ओठ चालूच होते. पाणी पाजलं तर ते शब्दांबरोबर बाहेर सांडतं. घसा फुटलाय. मी झोपलेले नाही. काय लिहितेय ते —

दावीने होडीचं ऐकलं आणि सगळं सांगितलं. तिच्या पणजोबांची होडी त्यांच्या धाकट्या भावाने परस्पर विकली होती. हे घराबाहेर कुणालाही माहीत नाही. मग तिने मला तोंडावर सांगितलं, तू एकेकाला नाव घेऊन बोलावलंस आणि कुणालाच पाळी दिली नाहीस. बोलावलेला माणूस जाईल कुठे? जवळ जे तोंड उघडं होतं त्यात शिरले सगळे.

मी तिच्यावर ओरडले. पुस्तक मी लिहिलं का, म्हटलं. मग रडले. त्या जागा माझ्याच हातांनी मिटवल्या. आणि वाचलंही मीच, पोरीला समोर बसवून.

१९ फेब्रुवारी

एफोंकडे पानांचे मूळ फोटो मागितले. काम संपलंय, कागद फुकट येतो का, म्हणून खेकसले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळे छापून दिले, वर उद्या येऊ नकोस म्हणाले, रागाने नाही.

दावीने वाटीत मक्याचं पीठ पाण्यात कालवून दिलं. उंबऱ्यात बसले. एक नाव. थोडं पाणी. थांबले. जिथे कागद कोरा, तिथे मी गप्प. त्या शांततेत यायरा बोलली, चार शब्द, सावकाश, आणि तोंड मिटलं. पुढचं नाव. थांबले. पुन्हा तसंच. होतंय, होतंय!

शेवटच्या तुकड्याशी अडले. तिथे वाईट मरणाने गेलेल्यांना सांगायचं असतं. बुडालेले, फास घेतलेले, रक्तात गेलेले. त्यांना नावाने बोलवत नाहीत, त्यांचं त्यांना फाटकाबाहेर देतात. बाहेर उभे आहात, आम्हांला ठाऊक आहे, असं वाक्य आहे, आणि तिथेच पान संपतं. पुढच्या पानावर, तुमचं घ्या आणि जा. मध्ये थांबायचं की नाही? कागदावरून कळत नाही. दावीला विचारलं. बायका मागे उभ्या असायच्या, म्हणाली, आणि मी तर डोळे गच्च मिटून. आन्लोगाला एक म्हातारे आहेत, त्यांना विचारू, उद्या सकाळी पहिल्या गाडीने मीच जाते.

यायराच्या थुंकीत रक्त आलं. उद्यापर्यंत कोण थांबणार? डोकं चालत नव्हतं. हात चालला. पानाच्या तळाशी वाक्य पुरं झालंय, तेव्हा एक ओळ मोकळी. तशी खूण केली, तसंच वाचलं. थांबले —

गप्प झाली! सगळी गप्प. तोंड मिटून झोपलीये माझी पोर. देवा, तुझे उपकार. मीही जरा —

२० फेब्रुवारी, सकाळ

अजून झोपलीये. अंग गार लागतंय, ताप उतरला असेल. केस ओले आहेत. घामच असणार. दावी आन्लोगाला गेली.

२० फेब्रुवारी, दुपार

दावी धावत आली. म्हातारे म्हणाले, तिथे कुणीही थांबत नाही. श्वाससुद्धा घेत नाहीत. श्वास घेतला की ते फाटकातून आत —

यायरा उठलीये. उंबऱ्यात बसलीये, आतल्या बाजूला. माझ्याकडे बघते, तोंड मिटून. मी बोलले की ऐकते. मी थांबले की —

मग तिच्यातून एकच आवाज येत नाही. पुष्कळ. पाण्यातून आल्यासारखे.

ते पुढचं वाक्य वाचायला गेले, तुमचं घ्या आणि — तर यायरा अगदी अदबीने म्हणाली, थांबा बाई, तुम्ही जागा दिलीत, अजून आमचं झालेलं नाही.

दावीने ते वाक्य म्हणून पाहिलं, मी कागदावरून सांगितलं आणि तिने माझ्यामागून म्हटलं. काही नाही. जिने जागा दिली तिचाच आवाज लागतो. प्रत्येक वेळी त्या बोलण्यानंतर पोर आणखी गार — बोटं निळी —

मी बोलत असते तेव्हा ती माझी असते. आई, तहान लागली, म्हणाली मघाशी. मी बोलत असतानाच, हळूच. तेवढंच.

२० फेब्रुवारी, उन्हं उतरताना

दावी म्हाताऱ्यांना आणायला गेलीये ते येईपर्यंत बोलत राहायचं आहे आणि बोलायला काही सुचेना म्हणून बोलते तेच लिहिते आणि लिहिते तेच बोलते म्हणजे तोंड थांबलं तर हात आणि हात थांबला तर तोंड, आता त्या आडव्या रेघा मारायच्या नाहीत मघाशी मारल्या तेव्हा प्रत्येक रेघेला ते बोलले, परिच्छेद पाडायचा नाही, यायराने डोकं माझ्या मांडीवर ठेवलंय आणि अंग थोडं ऊबदार लागतंय, बघ बाळा मी सांगते तुला, तू झालीस तेव्हा पहाट होती आणि तुझ्या आजीने तुला बघून म्हटलं की नाक माझं आहे आणि मी म्हटलं असू दे, आणि तू चालायला लागलीस ती कोळशाच्या पोत्याला धरून आणि काळीकुट्ट होऊन माझ्या पांढऱ्या कपड्यांना येऊन चिकटलीस आणि मी रागावले नाही, खरंच नाही रागावले, त्या दिवशी चापट मारली ती मात्र मारायला नको होती, माझं चुकलं, तुझं नाही, ऐकतेस ना, मान हलव, हां अशी, माझा आवाज बसत चाललाय ग, घशात वाळू गेल्यासारखं होतंय आणि बोटं वळतायत आणि झोप अशी येतेय की अक्षरं दोनदोन दिसतायत, पण गाडी येतच असेल, रस्त्यावर हॉर्न वाजला का, नाही, तो मासेवाला होता, येतील, दावी आणल्याशिवाय राहायची नाही, तोवर तू माझ्याकडे बघ, उंबऱ्याकडे नको बघू, तिथे कुणी नाही, तिथे ओलं झालंय ते वाटी कलंडली म्हणून, बघ माझ्याकडे, आई बोलतेय, आई थांबलेली नाही, आई फक्त एक घोट पाणी