‘जपून’ म्हणजे संमती नव्हे

तीर्थस्वरूप आत्यास,

कवळी लावलेल्या आणि कवळी काढून ठेवलेल्या अशा तुझ्या दोन्ही चेहऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे आता आहोत. मध्यंतरी नव्हतो, तेच सांगायला बसलोय. आतोबांचा खोकला कसा आहे? खालची कवळी हिरडीला टोचत असेल तर घरी कानशीने घासू नका. (मागे आतोबांनी घासली, तेव्हा ती तुला बसेना आणि त्यांना मात्र फिट्ट बसू लागली.)

तुझ्या कानावर काय काय आलं असेल त्याची मला कल्पना आहे, कारण ते थोरल्या वहिनीकडून आलं असणार, आणि वहिनीच्या कानात घातलेली सुई तोंडातून पहार होऊन बाहेर पडते. तेव्हा मूळ हकिकत ऐक. मला अमली पदार्थ बाळगल्याबद्दल अटक झाली होती, हे खरं. मी सुटलो, हेही खरं. या दोन खऱ्यांच्या मधलं मात्र कोणी धड सांगत नाही.

झालं असं, की मी नेहमीप्रमाणे दवाखान्यांतून दातांचे साचे गोळा करून कारखान्यावर परतत होतो. (वहिनी त्याला ‘खोली’ म्हणते, पण बाहेर पाटी आहे.) गाडीत मागे तयार कवळ्या, साच्यांचं पांढरं प्लास्टर आणि हिरड्यांची गुलाबी पावडर. प्लास्टर मी लहान लहान पुड्यांत बांधून ठेवतो, कारण पिशवी उघडी राहिली की हवेने त्याचा दगड होतो. चौकात पोलिसांनी गाडी थांबवली. त्यातल्या मिशीवाल्या साहेबांनी विचारलं, “मागे काय आहे?” मी म्हणालो, “दात.” ते म्हणाले, “कोणाचे?” मी म्हणालो, “ज्यांना नाहीत त्यांचे.” आत्या, तूच सांग, यात खोटं काय होतं? पण साहेबांना तो उद्धटपणा वाटला. वॉरंट नाही, कागद नाही, संशयाला कारण नाही, त्यांनी सरळ मागच्या दाराच्या कडीला हात घातला. आत एका बाईंची वरची कवळी वाळत ठेवलेली होती, म्हणून माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, “जपून!”

पांढऱ्या पुड्या दिसताच मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि गाडीतलं होतं नव्हतं ते सगळं एका पोत्यात भरून लाखेचं सील ठोकलं. कवळ्यासुद्धा. त्यामुळे मी कोठडीत असताना बाहेर कितीतरी माणसं पातळ भातावर दिवस काढत होती, याचं मला फार वाईट वाटत होतं. त्याहून वाईट वाटलं ते ही भेटायला आली तेव्हा. गजांपलीकडून हळूच म्हणाली, “अहो, तुम्ही खरंच दातच नेत होतात ना?” इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला इतका रंगतदार माणूस कधीच वाटलो नव्हतो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

जामीन झाला आणि हिच्या भावाने एक वकील गाठून दिले. शांत माणूस. मी त्यांना म्हणालो, “पोतं उघडा, पुड्या तपासा, प्लास्टर निघेल, विषय संपला.” त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “पोत्यात काय आहे हा आपला प्रश्नच नाही. पोत्याला हात का लावला, हा प्रश्न आहे. तुम्ही तोंड उघडायचं नाही.” मी जन्मभर लोकांना तोंड उघडा म्हणत आलो, आणि ऐन वेळी हे माझ्या नशिबी आलं!

कोर्टात दोन पूर्ण तारखा ‘जपून’ या एका शब्दावर गेल्या. सरकारी वकिलांचं म्हणणं, ‘जपून’ म्हणजे ‘जपून उघडा’, म्हणजे आरोपीने झडतीला संमती दिली. त्यावर आमचे वकील उठले आणि म्हणाले, “गर्दीत पायावर पाय पडला की माणूस ‘जपून’ म्हणतो. म्हणजे त्याने पाय द्यायला परवानगी दिली, असं होतं का?” न्यायाधीश हसले. (त्यांची वरची कवळी सैल आहे. मी तिथल्या तिथे बसवून दिली असती, पण वकिलांनी माझा कोपर धरून ठेवला होता.) मग मिशीवाल्या साहेबांना विचारलं, संशय कशावरून आला? ते म्हणाले, गाडी फार हळू आणि फार नियमाने चालली होती.

झडती बेकायदा ठरली, त्यामुळे सापडलेला माल पुराव्यात धरता येईना, त्यामुळे खटला निकालात निघाला. तपासणीला पाठवायचं राहूनच गेलेलं पोतं सीलबंद परत मिळालं. मी तिथेच वकिलांना म्हणालो, “आता तरी बघा, प्लास्टरच आहे!” तर ते विंचू दिसल्यासारखे मागे सरले. “माझ्यादेखत नको,” म्हणाले, आणि गेले. माझ्या वकिलाचाही माझ्यावर विश्वास नव्हता, हे शल्य मला आठवडाभर टोचत राहिलं.

कारण आत्या, मी निर्दोष आहे हे कुठे सिद्धच झालं नाही! मी नुसता सुटलो. आता केशकर्तनालयात लोक उठून मला खुर्ची देतात. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांनी कधी मान हलवली नव्हती, ते जिन्यात खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वकील चांगला धरलात.” तेव्हा माझी विनंती एवढीच, की वडीलधारी म्हणून तू सगळ्या नातेवाइकांना ठणकावून सांग, की पोत्यात प्लास्टरच होतं. तुझा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आज प्लास्टर वाया जाऊ नये म्हणून पोतं उघडलं. पुड्या निघाल्या, कवळ्या निघाल्या, आणि तळाशी एक लोकरीचा बटवा निघाला. त्यावर निळा पोपट विणलेला आहे. असा पोपट जगात तुझ्याशिवाय कोणी विणत नाही. अटकेच्या आदल्या दिवशी तुला स्टँडवर सोडलं तेव्हा गाडीत राहिला असावा. आतला सुका पाला कसला म्हणून औषधाच्या दुकानदाराला दाखवला. त्याने वास घेतला, शटर निम्मं खाली ओढलं आणि मला ‘साहेब’ म्हणाला. मी तडक वकिलांकडे जाऊन त्यांचे पाय धरले. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही. वर लिहिलेली विनंती रद्द समजावी. कोणाला काहीही सांगू नकोस.

ता. क. दुसरा. मी बटवा जाळणारच होतो, पण तोवर हिने तो पाला तुझ्या गुडघेदुखीचा असणार असं धरून पाण्यात उकळला आणि कंबरेला शेक घेतला. तिची जुनी कंबरदुखी थांबली आहे. मघापासून गुणगुणते आहे. तुला हे कोणी दिलं ते पत्रात लिहू नकोस. पण तो गृहस्थ अजून देत असेल, तर येताना थोडं आण. बसने ये, मी गाडी घेऊन न्यायला येणार नाही. आणि नवा बटवा विणलास तर पोपट हिरवा वीण. निळा फार ओळखू येतो.