आज तुला मी उचलणार आहे

फेन्या,

तू उठशील तेव्हा मी ड्यूटीवर असेन. लिंडनची झाडं तोडू नयेत म्हणून तुम्ही पोरं पुलावर बसणार आणि तुम्हाला उचलायला आमची पोलीस तुकडी येणार. आईने दोघांचे डबे शेजारी ठेवलेत. काळ्या पावाचा तुझा. त्यात लोणी नाही, उगाच वास घेत बसू नकोस.

सतरंजी जाड ने, दगड गार असतो. साहेब तीनदा सूचना देतील, मगच उचलतील. तुझ्या त्या मित्राला, टोरेला म्हणावं, अंग सैल सोड. मागच्या वेळी ओंडक्यासारखा ताठ झाला आणि त्याला उचलताना आमच्या हाइनरची कंबर धरली. पोरगा सभ्य, लोंबकळता लोंबकळता सॉरी म्हणाला.

तू झाडांच्या बाजूची आणि मी पोलीस असं ठरल्यापासून घरात माझ्याशी बोलत नाहीस. मागच्या वेळी तुला उचलल्यावर मात्र पुटपुटलीस, “पापा, सगळ्यांसमोर ‘जेवलीस का’ असं विचारू नकोस.” बरं वाटलं.

म्हणून आजही तुला उचलायचं काम मी मागून घेतलंय. रविवारी ओमाआजीच्या वाढदिवसाला येणार का, तेवढं सांग. गाडीपर्यंत मी हळू चालेन.

पापा